नाताळच्या सुट्टीत मांजरं कुठे ठेवायची, आणि त्यांच्याकडे बघणार कोण?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं चाललंय ते इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट. घरात दोन मांजरं: नसबंदी झालेला चार वर्षांचा बोका, वजन ६ किलो, आणि दोन वर्षांची भाटी. २३ डिसेंबरला सकाळी सगळे गुहागरला सासरी जाणार, २८ ला संध्याकाळी परत. २९ ला नणंद पाच वर्षांच्या मुलाला घेऊन राहायला येणार, १ जानेवारीपर्यंत मुक्काम, आणि नणंदेला चौथा महिना आहे. मांजरांना गाडीतून न्यायचं, बोर्डिंगला ठेवायचं, की समोरच्या काकूंकडे किल्ली द्यायची? आणि पाहुणे आल्यावर काय?

जागा तुम्ही कोणतीही निवडा, पण त्या दिवसांत बोक्यानं आणि भाटीनं, दोघांनी वेगवेगळं, खाल्लं का आणि शू केली का हे रोज डोळ्यांनी पाहणारं माणूस तिथे असायला हवं. माझा सगळा सल्ला या एका गोष्टीवर उभा आहे. मांजर दुखणं अंगावर काढतं. कुत्रा लंगडतो, विव्हळतो, जवळ येतो. मांजर पलंगाखाली जाऊन गप्प बसतं आणि घरच्यांना वाटतं झोपलंय. त्यामुळे ताट आणि लिटर बॉक्स (शू-शीसाठीचा वाळूचा डबा) या दोनच जागा खरं सांगतात.

तुमच्या बोक्याच्या बाबतीत हे जास्तच महत्त्वाचं आहे. ६ किलोचा देशी बोका बहुतेक वेळा लठ्ठच असतो. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की अंगातली चरबी एकदम यकृताकडे धावते, यकृताला ती पेलवत नाही, आणि मग ते खायचंच बंद करतं. मग नळीनं भरवण्याची वेळ येते आणि त्यात आठवडे जातात. म्हणून मांजरानं २४ तास तोंडाला काही लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करायचा, ‘रुसलंय, खाईल उद्या’ म्हणून थांबायचं नाही.

दुसरी भीती लघवी तुंबण्याची. घरातच राहणारा, नसबंदी झालेला, वजनदार, कोरडं खाणं खाणारा बोका, त्यात थंडीमुळे पाणी कमी पिणारा आणि घरातली माणसं अचानक गायब झाल्यानं बावरलेला: तुंबणाऱ्या बोक्याचं वर्णन करायला सांगितलं तर मी हेच करीन. बोक्याची मूत्रनलिका टोकाला अगदी अरुंद असते. खडे किंवा चिकट गाळ तिथे अडकतो. भाटीची नळी रुंद असल्यानं तिच्यात हे क्वचित होतं. लक्षणं अशी: सारखा बॉक्समध्ये जातो, कुंथतो, थेंबभर होते किंवा होतच नाही, ओरडतो, मागचा भाग चाटत बसतो, कधी मोरीत किंवा सिंकमध्ये बसून बघतो. घरच्यांना हे बद्धकोष्ठ वाटतं आणि ते एरंडेल किंवा तूप पाजतात, त्यात मोलाचे तास जातात. पूर्ण तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो, कारण रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदय बंद पडतं. ही रात्री दोनलाही दवाखाना गाठायची वेळ आहे. २५ डिसेंबर, ३१ ची रात्र आणि १ जानेवारी या तीन वेळांना तुमच्या भागातला कोणता दवाखाना उघडा असतो हे आत्ताच फोन करून विचारा आणि नंबर फ्रिजवर चिकटवा.

आता तीन पर्याय.

गुहागरला नेणं मी तुमच्यासाठी तरी सुचवणार नाही. उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण असा सात तासांच्या आसपासचा रस्ता, मांजरं कधी गाडीत बसलेली नाहीत, आणि मुक्काम पाच दिवसांचा. मांजराला नवी जागा अंगवळणी पडायलाच चार-पाच दिवस लागतात. म्हणजे रुळली की परतायचं. शिवाय कौलारू घर. खिडक्यांना जाळी नाही, माळ्यावरून थेट कौलांपर्यंत वाट, बाहेर गावातले बोके, कुत्री, विहीर, आणि वाडीत उंदरांसाठी ठेवलेलं विष. बावरलेलं मांजर माळ्यावर चढून बसलं तर तुमची अर्धी सुट्टी त्याला खाली आणण्यात जाईल. मुक्काम तीन आठवड्यांचा असता आणि तिथे एक बंद होणारी खोली असती, तर मी वेगळं सांगितलं असतं.

बोर्डिंग वाईट नसतं, पण ते मांजरांचं हवं. कुत्र्यांच्या भुंकण्याच्या टप्प्यात ठेवलेलं मांजर खात नाही, एवढं साधं आहे. बघायला जाल तेव्हा हे पाहा: वेगवेगळ्या घरची मांजरं एकत्र सोडतात का (सोडत असतील तर परत फिरा), पिंजऱ्यात उंच बसायला फळी आणि लपायला खोका आहे का, आणि लसीकरणाचं कार्ड मागतात का. जे कार्ड मागत नाहीत, ते शेजारच्या मांजराचंही मागत नाहीत. आपल्याकडे मांजरांचा पॅनल्यूकोपेनिया, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा साथीचा आजार, भरपूर आहे. त्याचा विषाणू जागेवर वर्षभरही टिकतो, आणि साध्या फिनेलनं मरत नाही. तिहेरी लस (पॅनल्यूकोपेनिया आणि फ्लूसाठीची) आणि रेबीजची लस, दोन्हींची तारीख उलटलेली नसावी. उलटली असेल तर निघण्याआधी किमान दोन आठवडे टोचून घ्या, आदल्या दिवशी टोचून उपयोग नाही. एखादं मांजर रोजच्या औषधावर असेल, उदाहरणार्थ इन्सुलिनवर, तर डॉक्टर हाताशी असलेलं बोर्डिंग घरापेक्षा बरं.

तुमची दोन्ही मांजरं धडधाकट आहेत, एकमेकांना धरून आहेत, आणि समोर काकू आहेत. त्यांना त्यांच्याच घरात ठेवा. मांजराचा जीव माणसांइतकाच जागेत गुंतलेला असतो. पण ‘काकू येऊन खाणं घालतील’ एवढ्यावर सोडू नका. पुढची तयारी आजपासून करायची आहे.

निघण्याआधी पूर्ण एक आठवडा लिटर बॉक्समधले लघवीचे गोळे मोजून रोज कागदावर लिहा. निरोगी मांजर दिवसाला साधारण दोन ते चार वेळा शू करतं, पण तुमच्या घरचा आकडा काय हे कळणं महत्त्वाचं. दोघांचे मिळून रोज सहा गोळे निघत असतील आणि काकूंना एके दिवशी तीनच सापडले, तर त्यांनी लगेच फोन करावा. ‘लक्ष ठेवा’ म्हटलं की कुणाला काही कळत नाही. ‘सहाचे तीन झाले तर फोन करा’ म्हटलं की कळतं. यासाठी गोळे बांधणारी बेंटोनाइटची वाळू लागेल. लाकडी भुशाच्या गोळ्यांत हे मोजता येत नाही. मात्र वाळू बदलायचीच असेल तर आत्ता बदला, निघायच्या दिवशी नको, नाहीतर ती दोघं गादीवर निषेध नोंदवतील. बॉक्स दोन असतील तर तिसरा ठेवा. मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त, हा जुना नियम खरा आहे, आणि तो एकमेकांशेजारी ठेवून पाळला जात नाही: वेगवेगळ्या जागी ठेवा.

काकूंच्या फेऱ्या दिवसातून दोन, प्रत्येकी अर्धा तास. एकच फेरी असेल तर सकाळी नऊनंतर तुंबलेला बोका दुसऱ्या दिवशी नऊला सापडेल. खाण्याचं वजन करून पुड्या बांधून ठेवा: २३ च्या संध्याकाळपासून २८ च्या सकाळपर्यंत दहा वेळा, दोन मांजरं, म्हणजे वीस पुड्या, प्रत्येकीवर नाव आणि तारीख. दोघांना वेगवेगळ्या खोलीत खायला घालायचं, दार लावायचं, वीस मिनिटांनी उघडून उरलेलं बघायचं. एकाच ताटात घातलं तर भाटी दोन दिवस उपाशी आहे हे कळणारच नाही, ताट रिकामंच दिसेल. आपोआप खाणं टाकणारं यंत्र जोडीला ठेवायला हरकत नाही, पण वीज गेली किंवा दाणे अडकले की ते थांबतं, आणि खाल्लं कुणी हे ते सांगत नाही.

पाण्याचा हिशेब: किलोमागे दिवसाला साधारण ५० मिली, म्हणजे बोक्याला सगळं मिळून ३०० मिली. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं, पाऊचमधल्या ओल्या खाण्यात ७५ ते ८० टक्के. म्हणून त्या दिवसांत दिवसाला एक ओलं जेवण ठेवा. मात्र त्याची सवय आतापासून, थोडं थोडं वाढवत सात-आठ दिवसांत लावा, एकदम बदललं तर जुलाब होतात. पाण्याची भांडी तीन, पसरट, ताटापासून आणि बॉक्सपासून लांब. दूध नको. मोठ्या मांजरांना बहुधा ते पचत नाही आणि लिटर बॉक्स बघून काकू घाबरतील.

काकूंना तुम्ही घरात असताना दोनदा बोलवून सगळं करायला लावा, म्हणजे त्यांचा वास आणि आवाज ओळखीचा होईल. निघताना तुमची वापरलेली चादर किंवा शर्ट न धुता पलंगावर टाकून ठेवा. कॅरियर, म्हणजे मांजर न्यायची पेटी, आजपासून हॉलमध्ये उघडं ठेवा, आत जुनी गोधडी घाला, खाऊ आतच द्या. फक्त दवाखान्याच्या दिवशी माळ्यावरून निघणारं कॅरियर पाहिलं की मांजर पलंगाखाली जातं, आणि गरजेच्या वेळी ते काकूंच्या हाताला लागणार नाही. काकूंकडे दवाखान्यासाठी काही पैसे आणि ‘डॉक्टरांना योग्य वाटतील ते उपचार करावेत’ अशी तुमच्या सहीची चिठ्ठी देऊन ठेवा. तुमचा फोन गुहागरला लागलाच नाही तर ही चिठ्ठी उपयोगी पडते.

जाळ्यांचं राहिलंच. तिसऱ्या मजल्यावर खिडक्यांना, बाल्कनीला आणि बाथरूमच्या काचपट्ट्यांनाही पक्की जाळी हवी. कबुतरांसाठीची नायलॉनची जाळी कोपऱ्यातून सैल होते आणि काही मांजरं ती दातांनी कुरतडतात. प्रत्येक हूक हातानं ओढून बघा.

आता थंडीबद्दल. पुण्यात डिसेंबरच्या रात्री पारा दहा-बाराच्या आसपास उतरतो. निरोगी मोठ्या मांजराला घरात याचा काही त्रास नाही; गोधडी घातलेला एक खोका जमिनीपासून थोडा उंच ठेवला की पुरे. घरी कुणी नसताना हीटर चालू ठेवू नका. आपण थंडीसाठी जे काही करतो, त्याचाच धोका मोठा. ट्रंकेतून स्वेटर, शाली, रजया बाहेर निघतात तेव्हा डांबर गोळ्याही निघतात. त्या नॅफ्थलिनच्या असतात. मांजरानं खेळता खेळता एक जरी चावली तरी रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. गोळ्या मोजून काढून टाका, आणि कपडे दोन दिवस उन्हात घातल्याशिवाय मांजराला त्यावर झोपू देऊ नका. छातीला लावायच्या बामात कापूर आणि निलगिरीचं तेल असतं. बाम चोळलेल्या हातानं मांजराला कुरवाळलं की ते अंग चाटून ते पोटात घेतं.

आणि पॅरासिटामॉल. मुलांच्या सर्दीतापाचं औषध ‘थोडंसं’ मांजराला देणारी मायाळू माणसं दर हिवाळ्यात भेटतात. माणसाचं यकृत हे औषध ज्या रसायनाच्या मदतीनं निकामी करतं, ती सोय मांजराच्या यकृतात जवळजवळ नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराचा जीव घेऊ शकते. हिरड्या तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. अर्धी नाही, पाव नाही, सिरपचा थेंबही नाही. चुकून पोटात गेली तर लक्षणांची वाट न पाहता निघा. यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.

तुम्ही २८ ला संध्याकाळी पोचाल आणि २९ ला पाहुणे. मधे एकच रात्र आहे, म्हणून पाहुण्यांची तयारी गुहागरला जाण्याआधीच करून ठेवा. एक बेडरूम मांजरांची. त्यात एका कोपऱ्यात लिटर बॉक्स, दुसऱ्या टोकाला पाणी-खाणं, उघडं कॅरियर, कपाटावर चढायला वाट. दारावर कागद चिकटवा: ‘आत मांजरं आहेत, दार लावा.’ पाहुणे येण्याच्या तासभर आधी दोघांना आत ठेवा, बॅगा आत येऊन मुख्य दार बंद होईपर्यंत बाहेर काढू नका. मांजरं निसटतात ती बहुतेक अशाच वेळी, चार माणसं दारात उभी असताना. निसटलंच तर लांब धावू नका. घरात वाढलेलं मांजर आधी जवळच दडतं: जिन्याखाली, पार्किंगमध्ये, मीटरच्या खोलीत. रात्री वर्दळ थांबल्यावर टॉर्च घेऊन जा, डोळे चमकतात. आणि त्या दिवसांत सोसायटीतली कोणतीही गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर थाप मारायला सांगा, इंजिनाच्या उबेला मांजरं आत शिरतात.

पाच वर्षांच्या मुलाला ‘हात लावू नको’ एवढंच सांगितलं तर तो लावणारच. त्याला काम द्या. जमिनीवर बसायचं, हात पुढे करून थांबायचं, मांजर आलं तर गालावर आणि हनुवटीखाली तीनदा खाजवायचं आणि हात मागे घ्यायचा. मांजरानं परत डोकं घासलं तर आणखी तीनदा. शेपूट आपटायला लागली, कान आडवे झाले, की संपलं. उचलायचं नाही, आणि पलंगाखाली किंवा कॅरियरमध्ये हात घालायचा नाही, ते त्यांचं घर. ओरखडा निघाला किंवा चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी त्याला डॉक्टरांकडे न्यायचं, मांजराचं लसीकरण पूर्ण असलं तरी. लसीचं ते ठरवतील.

नणंदेच्या गरोदरपणाची तुम्हाला काळजी वाटते ती टॉक्सोप्लाझ्माची, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी ‘मांजरं हलवा’ म्हटलं असणार. हलवायची गरज नाही. या परजीवीची अंडी मांजराच्या शीमधून बाहेर पडतात, पण ताजी असताना ती बाधत नाहीत; बाधायला किमान एक दिवस, बऱ्याचदा दोन ते पाच दिवस लागतात. म्हणजे बॉक्स रोज साफ झाला आणि तो नणंदेनं केला नाही, की वाट बंद. तुमची मांजरं बाहेर शिकारीला जात नाहीत आणि कच्चं मटण खात नाहीत, त्यामुळे धोका आधीच कमी आहे. अर्धवट शिजलेलं मांस आणि न धुतलेली पालेभाजी यांकडे जास्त लक्ष द्या.

३१ च्या रात्रीसाठी: भेट आलेल्या पुष्पगुच्छात लिली असेल तर तो घराबाहेर. पाकळी, पान, अंगावर सांडून चाटले गेलेले परागकण, फुलदाणीतलं पाणी, काहीही मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी करू शकतं. खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी त्याच रात्री दवाखाना. चॉकलेट, रम आणि मनुकांचा केक, कांदा-लसणाचा रस्सा, हे सगळं झाकून. चमकीच्या माळा, भेटवस्तूंच्या रिबिनी, फुग्यांचे दोरे पाहुणे झोपायच्या आधी गोळा करा. गिळलेला दोरा बऱ्याचदा एका टोकाला जिभेखाली अडकतो, आतडं त्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि दोरा ते कापत जातो. म्हणून तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, घरी कापूही नका, तसंच घेऊन दवाखान्यात जा.

फटाके बाराला वाजतील, तुम्ही अकराला दोघांना खोलीत न्या. खिडक्या, पडदे बंद, पंखा किंवा टीव्हीचा सौम्य आवाज चालू. कपाटात लपली तर लपू द्या, काढून मांडीवर घेऊ नका. पूर्वी खूपच घाबरत असतील तर डॉक्टरांकडून गॅबापेंटिन या भीती कमी करणाऱ्या औषधाची मात्रा लिहून घ्या आणि आधी एका शांत दिवशी देऊन बघा. माणसांच्या झोपेच्या गोळ्या मुळीच नाहीत.

पाहुणे गेल्यावरही दहा दिवस गोळे मोजत राहा. ताणामुळे अंगात लपलेला मांजरांचा फ्लू अनेकदा आठवडाभरानं डोकं वर काढतो, शिंका आणि डोळ्यांतून पाणी येतं. आणि या सगळ्यात एकाला दवाखान्यात राहावं लागलंच, तर घरी आल्यावर दुसरं त्याच्यावर फिस्कारेल, कारण त्याच्या अंगाला दवाखान्याचा वास असतो. भांडण समजून रागावू नका. एक रात्र वेगळ्या खोल्यांत ठेवा, एकाच टॉवेलनं आधी घरातल्याचं आणि मग आलेल्याचं अंग पुसा, आणि दुसऱ्या दिवशी दाराच्या दोन बाजूंना ताटं ठेवून मग दार उघडा.